जीर्णोद्धार आणि जतन

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा ठरला म्हणजे गावात उत्साहाला भरती येते. महाजनांची बैठक भरते, वर्गणीची यादी होते, नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस गेलेली मंडळीही हात सैल सोडतात. काही महिन्यांत जुन्या भिंती नव्या रंगाने झळकू लागतात, जमिनीवर गुळगुळीत लाद्या बसतात आणि दर्शनास आलेला प्रत्येक जण समाधानाने मान डोलावतो. या समाधानात खोटे काहीच नसते. एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहून गेलेला असतो: या कामात जीर्णाचा उद्धार झाला, की जीर्णाची हकालपट्टी झाली?

गोव्याच्या डिचोली तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, लाटंबार्से हा गाव आहे. लाटंबार्से काय, मुळगाव काय किंवा पेडण्यातील मोरजी काय, या साऱ्या मुलखाचे जुने बांधकाम मुख्यतः दोन गोष्टींवर उभे आहे: जांभा दगड आणि चुना. येथे पाऊस कोसळतो तो चार महिने. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतील ओल तो वातीसारखी वर ओढतो. चुन्याचा गिलावा पावसाचा मारा स्वतः सोसतो आणि आतली ओल हळूहळू बाहेर जाऊ देतो. भिंत जणू श्वास घेते म्हणा ना. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा केला म्हणजे हा श्वास कोंडतो. ओल आतच राहते, तिच्यातील क्षार दगडात साचून त्यांचे स्फटिक बनतात आणि काही वर्षांनी सिमेंटचे पापुद्रे सुटतात ते दगडाचा पृष्ठभाग सोबत घेऊनच. भक्कम म्हणून केलेले काम भिंतीच्या मुळावर येते, ते असे.

नुसत्या भिंतीचीच ही कथा असती, तर दगड बदलून भागले असते. परंतु कोकण-गोव्यातील अनेक देवळांच्या भिंतींवर ‘कावी’ नावाची कला नांदत आहे. मोरजीचे मोरजाईचे देऊळ हे तिचे एक प्रसिद्ध स्थान. या कलेत शिंपले भाजून केलेला चुना धुतलेल्या वाळूत कालवीत, त्यात गूळ घालीत, ते मिश्रण मुरवीत आणि मग कुटून कुटून लोण्यासारखे करीत. त्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर देत आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार सळीने खरवडून वेलबुट्टी, पशुपक्षी, देवदेवता कोरीत. तांबडे निघाले की खालचे पांढरे उजळे. थर वाळला की संधी संपली. चुकलेली रेघ पुसण्याची सोय नाही. म्हणून त्या प्रत्येक रेघेत कारागिराच्या हाताची खात्री दिसते. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी अशा भिंतींची छायाचित्रे घेत गावोगाव भ्रमंती केली, म्हणून ही कला अभ्यासकांच्या नजरेत तरी राहिली. परंतु ज्या भिंतीवर एकदा तैलरंगाचा हात फिरला, तिच्यावरील रेघा त्या रंगाखाली बुजल्या. रंग खरवडून काढावा, तर खालची नक्षीही त्याबरोबर जाण्याची भीती.

केवळ गावच्या मंडळींनाच याचा दोष द्यावा, असेही नाही. जाणत्यांच्या हातूनही अशा चुका घडल्या आहेत. अजिंठ्याची चित्रे वाचविण्यासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे तज्ज्ञ आणविले. सुटू लागलेले रंगथर त्यांनी पक्के केले, हे त्यांचे ऋण मोठेच. पण त्यांनी दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले, धूळ धरून काळवंडले, आणि ते उतरविण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षे गेली. जुन्या गोव्यातील बॉम जेझस चर्च १६०५ साली पूर्ण झाले. १९५० नंतरच्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या योजनेनुसार त्याचा बाहेरील गिलावा काढून टाकण्यात आला. उघड्या जांभ्यामुळे वास्तू अधिक पुरातन भासू लागली खरी. पण तेव्हापासून पावसाचा मार थेट दगडावर बसू लागला. तो गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी २०२० साली चर्चच्या धर्मगुरूंनीच जाहीरपणे केली. एकाने नको तो थर चढविला, दुसऱ्याने हवा तो थर उतरविला. हानी दोन्हींकडून झाली.

यातूनच जतनशास्त्राचे नियम घडले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने त्यांतील काही जगापुढे मांडले. मूळ वस्तूला शक्य तितका कमी हात लावावा. नवी भर जुन्याशी सुसंगत असावी, पण जुन्याचे सोंग घेऊ नये. आणि जेथे पुराव्याऐवजी तर्क सुरू होतो, तेथे दुरुस्तीने थांबावे. पुढील पिढीला अधिक कळेल, तेव्हा आपले काम तिला उतरविता यावे, ही जाणीवही त्यांच्या जोडीला आली. हे नियम म्हणजे एका अर्थी विनयाचेच नियम आहेत.

भंगलेल्या मूर्तीचा प्रश्न याहून नाजूक. भग्न मूर्ती पूजेस वर्ज्य, ही परंपरा आहे; म्हणून ती पाण्यात सोडतात किंवा वडाच्या मुळाशी ठेवतात. या परंपरेचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. परंतु उत्तर गोव्यात केळबाई, भाऊका या नावांनी पुजल्या जाणाऱ्या गजलक्ष्मीच्या शिळा पाहिल्या म्हणजे लक्षात येते, की जेथे लिखित कागद नाही तेथे दगड हाच कागद असतो. पूजेतून निवृत्त झालेली मूर्ती नदीऐवजी देवळाच्याच एखाद्या ओवरीत किंवा संग्रहालयात विसावली, तर धर्मही राहतो आणि इतिहासही.

डिचोली तालुक्यातच याचे एक आशादायक उदाहरण आहे. नार्वे येथील सप्तकोटेश्वर हा कदंबांचा देव. दिवाडी बेटावरील त्याचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्यास आले आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. त्याची साक्ष देणारा शिलालेख आजही दारावर आहे. गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने या देवळाचे पुनरुज्जीवन हाती घेतले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांना खुले झाले. महाराजांच्या काळची ती वास्तू पाडून तिच्या जागी नवी उभारण्यात आली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सर्वच देवळांना सरकार पुरे पडणार नाही, हे उघड आहे. तथापि गावाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. कामास हात घालण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहून ठेवावीत. गिलाव्यावर बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहावे; जेथे पोकळ आवाज येतो, तेथे तो सुटला आहे असे समजावे आणि तेवढीच जागा जाणत्याच्या हाती द्यावी. आधी छप्पर गळते का ते पाहावे, कारण निम्मे दुखणे तेथूनच उतरते. आणि गावात चुना मळण्याची रीत ठाऊक असलेला एखादा वृद्ध गवंडी असेल, तर रंगाच्या दुकानाकडे जाण्याआधी त्याच्या घरची पायरी चढावी. भिंत आणखी काही वर्षे वाट पाहू शकेल. त्या गवंड्याजवळ तेवढा अवधी नसतो.