धुराला वाट हवी
(लघुउद्योजकांच्या प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आपला प्रशिक्षण वर्ग आज संपत आहे. उद्यापासून आपल्यापैकी अनेकजण लेसर यंत्रावर नामफलक, स्मृतिचिन्हे, लग्नपत्रिका तयार करू लागतील. मी कला शाखेचा पदवीधर; यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. तथापि माहिती अधिकारी या नात्याने अनेक लहान कार्यशाळा पाहण्याचा योग मला आला. त्या अनुभवावरून एकाच विषयासंबंधी चार शब्द सांगणार आहे. तो विषय म्हणजे धूर.

आपण जे यंत्र वापरणार आहात, त्याचे मूळ एका महाराष्ट्रात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या कार्यात आहे. बारामती येथे १९३८ साली जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. सी. कुमार एन. पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध लावला. त्याचा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा अदृश्य किरण लाकूड व ॲक्रिलिक सहज शोषून घेतात. त्यामुळे किरण पडेल तेवढाच भाग जळतो वा त्याची वाफ होते. करवतीचा भुसा खाली पडतो, तो झाडून टाकता येतो. लेसरचा भुसा मात्र हवेत जातो आणि श्वासावाटे आपल्या छातीत उतरतो.

एका शहरात दहा बाय बाराच्या गाळ्यात असे यंत्र मी पाहिले. मालक तरुण व कष्टाळू होता. शेजारी त्याची आई तयार वस्तू कागदात गुंडाळीत बसली होती. छताचा पंखा फिरत होता. माझे डोळे चुरचुरू लागले, म्हणून मी धुराविषयी विचारले. "साहेब, आम्हाला तर वासही येत नाही," तो म्हणाला. पुढे तो आठवडाभर गावी जाऊन परतला, तेव्हा दार उघडताच त्या वासाने त्याला मागे सरावे लागले. वास नाहीसा झालाच नव्हता. नाक त्याला सरावले होते. आईचा खोकला धुळीमुळे आहे, असे तोवर सर्वजण समजत होते. म्हणून नाकावर विसंबू नका.

हा धूर निरुपद्रवी नाही. एमडीएफ फळीतील डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. तो मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत गणला जातो. ॲक्रिलिकच्या वाफेने डोळे व घसा चुरचुरतो. तोंडाला बांधलेला रुमाल वा कागदी मुखपट्टी वायूंना अडवू शकत नाही.

मग उपाय कोणता? छताचा पंखा धूर घालवीत नाही, तो खोलीभर पसरवितो. धूर जेथे उत्पन्न होतो तेथेच, यंत्राच्या पेटीतून, तो ओढून बाहेर सोडला पाहिजे. नळी शक्य तितकी आखूड, सरळ व आतून गुळगुळीत असावी. धूर ओढणारा पंखा यंत्राजवळ न ठेवता नळीच्या बाहेरील टोकाशी बसवावा. म्हणजे नळीला कोठे भेग पडली तरी हवा आत खेचली जाते, धूर खोलीत येत नाही. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी ताजी हवा आत येण्यास समोरचे दार वा खिडकी उघडी हवी. नळीचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे.

पंखा पुरेसा आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती सांगतो. यंत्र थांबलेले असताना नुसता पंखा चालू करा आणि झाकणाच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर ठीक; बाहेर रेंगाळला तर नळी व पंखा तपासा. काम संपल्यावरही एक-दोन मिनिटे पंखा चालू ठेवून मगच झाकण उघडा. नळीत साचणारा चिकट थर पेट घेऊ शकतो. तो वेळोवेळी काढा आणि चालू यंत्र सोडून जाऊ नका.

धूर बाहेर सोडणे अशक्य असेल तर गाळणयंत्र लागते. त्यातील हेपा गाळणी सूक्ष्म कण अडविते, वायू नव्हे. वायूंसाठी सक्रिय कोळशाचा थर हवा आणि तो भरला की बदलावा लागतो.

एक पदार्थ मात्र कोणत्याही परिस्थितीत यंत्रावर ठेवू नका: पीव्हीसी. फ्लेक्सचे कापड, व्हिनाइलचे स्टिकर, पुष्कळसे रेक्झीन याच वर्गातील. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते. ते यंत्राचे लोखंड खाते, तसेच फुप्फुसही. ग्राहक आग्रह करील. त्याला नम्रपणे नकार द्या. माल कशाचा आहे हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर तो घेऊ नका.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील चौदाव्या कलमात हेच तत्त्व घालून दिले होते: धूर उगमाजवळच ओढून घ्यावा. दोन-तीन माणसांच्या गाळ्यापर्यंत निरीक्षक क्वचितच पोहोचतो. तेथे आपणच आपले निरीक्षक व्हावयाचे आहे.

त्या तरुणाने पुढे नळी व पंखा बसविला. आई आजही त्याच गाळ्यात काम करते, परंतु आता उघड्या दाराजवळ, ताज्या हवेत बसून. आपण कर्ज काढून यंत्र घ्याल, तेव्हा नळी व पंख्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा. तो खर्च वरचा नव्हे, यंत्राचाच भाग आहे, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.