बोलणं खणखणीत, म्हणून विसरणं दिसत नाही
(संघाच्या सभेत झालेले भाषण)

आज वसुलीचा विषय नाही, तेव्हा सैल बसा. विषय आहे विसरण्याचा.

डॉक्टर स्मरणशक्ती तपासतात तेव्हा काही शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. या परीक्षेत बायका पुरुषांपेक्षा सरस ठरतात. बोलण्यात आपण पहिल्यापासूनच पुढे! पण गोम इथंच आहे. आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूतला एक छोटा भाग आहे, हिप्पोकॅम्पस. अल्झायमरमध्ये तो लवकर आक्रसायला लागतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की हा भाग थोडा किंवा मध्यम आक्रसलेला असताना बायकांना पुरुषांपेक्षा जास्त शब्द आठवतात. फार आक्रसला की मग हा फरक उरत नाही. म्हणजे आत पडझड सुरू असते आणि बाई परीक्षेत पास होते. आजार कळतो तो उशिरा.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज आहे. त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. कमी शिक्षण हे त्यामागचं एक कारण. पोरींना शाळेतून काढलं, त्याची किंमत अशी म्हातारपणी मोजावी लागते.

मग ओळखायचं कसं? चष्मा कुठं ठेवला हे सगळेच विसरतात. गप्पांवरून कळणार नाही, काम बघा. जी ताई बचतीचा हिशोब तोंडी करायची ती आता अडखळते का? हप्ता भरून पुन्हा भरायला येते का? भाजीत दोनदा मीठ, गॅस तसाच चालू, ओळखीच्या वाटेवर गोंधळ, असं वरचेवर होतंय का? आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीच्या पुढच्यांसाठी प्रश्न आहे, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? उत्तर खरं द्या. पण माझं म्हणणं, तिथवर थांबूच नका.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बी-12 कमी असणं, थायरॉईड, मन खचणं यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. बीपी, साखर ताब्यात ठेवली तर मेंदूचा धोका कमी होतो. ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. ऐकू येत नाही म्हणून सासूबाई सभेत यायच्या बंद झाल्या, तर तेही मेंदूला मारकच.

दवाखान्यात तिला एकटीला पाठवू नका. ती डॉक्टरांशी छान बोलेल आणि घरी येईल! सोबत जा, आणि गेल्या वर्षी तिला काय जमत होतं नि आता काय जमत नाही, ते तुम्ही सांगा. कुठं जायचं कळेना, तर 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाईन आहे, तिथे विचारा.