धुकं, विमान आणि आमची इतिवृत्ताची वही



मागच्या जानेवारीत आमच्या गटातल्या पाच जणी नेपाळला, काठमांडूला गेलो होतो. तिथे महिलांच्या मालाचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. आम्ही ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. प्रदर्शनाच्या गमतीजमती गावात सगळ्यांना सांगून झाल्या. आज वाटेत जे घडलं ते सांगतो. जाताना एक दिवस वाया गेला, 42,000 रुपये जादा गेले, आणि आमच्या अक्कांच्या साखरेच्या गोळ्या ज्या खोक्यात होत्या तेच खोकं दोन दिवस आलं नाही. यात धुक्याचा दोष किती आणि आमचा किती, ते आज हिशेबानं मांडतो.

आधी आमची चूक. सोलापूरहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबई, तिथून विमानानं दिल्ली आणि दिल्लीहून दुसऱ्या विमानानं काठमांडू, असा बेत होता. सगळा विमानप्रवास एकाच तिकिटावर घेतला तर महाग पडत होता. मुंबई-दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली-काठमांडू दुसऱ्या कंपनीचं, अशी वेगवेगळी तिकिटं काढली तर माणशी 1,200 रुपये वाचत होते. पाच जणींचे 6,000. तिकिटं काढायचं काम समन्वयक म्हणून आमच्याकडे होतं. पैसे वाचवले म्हणून बैठकीत कौतुकही झालं.

मुंबईत लख्ख ऊन होतं. विमान साडेदहाचं. दहा वाजता कळलं, उशीर आहे. कारण काय, तर दिल्लीत धुकं. आम्ही म्हटलं, दिल्लीच्या धुक्याचं मुंबईत काय? मग कळलं की आम्हाला नेणारं विमान सकाळी दिल्लीहूनच यायचं होतं आणि ते तिथेच अडकून पडलं होतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे असं फार होतं. एक विमान अडकलं की त्याच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मागे पडतात.

दोन तास झाले, अडीच झाले. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "बसा, कळवतो." आम्ही बसलो. मोठी जागा, चकचकीत फरशी, सगळे इंग्रजी बोलणारे, आपण काय विचारणार? शेवटी अक्काच उठल्या. म्हणाल्या, "बँकेत पाच जणी गेलो की साहेब बोलतो ना? मग इथं का बसायचं?" पाची जणी काउंटरवर गेलो. विचारलं, उशीर का झाला ते लिहून द्याल का? आणि खायला काय देणार? इतका वेळ न मिळालेली खाण्याची कुपनं दहा मिनिटांत हातात आली. उशिराचा दाखलाही आमच्या मोबाईलवर ईमेलनं आला. इतर प्रवाशांनीही मग रांग लावली.

मैत्रिणींनो, हा त्यांचा उपकार नव्हता. विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियमच आहे. मुंबई-दिल्लीसारख्या अडीच तासांच्या आतल्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशांना कंपनीनं खाणंपिणं द्यायचं असतं. धुक्यासारखं कारण कंपनीच्या हातातलं नसतं, म्हणून भरपाईचे पैसे मिळत नाहीत. खाणं मात्र मागता येतं. मागितल्याशिवाय कोणी आणून देईलच असं नाही.

आमचं विमान पावणेचारला उडालं. दिल्लीत उतरून सामान घेईपर्यंत सव्वासहा झाले. काठमांडूचं विमान साडेचारलाच गेलं होतं. त्या कंपनीच्या काउंटरवर दाखला दाखवला. तिथला माणूस नीट बोलला, पण म्हणाला, "तुमची दोन तिकिटं वेगळी आहेत. पहिलं विमान उशिरा आलं, त्याला आमची कंपनी काय करणार? आमच्या नोंदीत तुम्ही गैरहजर." दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असती, तर आम्हाला पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असती. आमच्या हातात तिकिटावरचे करच परत मिळायचे होते. दुसऱ्या दिवशीचं नवं तिकीट माणशी 8,400 रुपये. पाच जणींचे 42,000.

त्या रात्री खुर्च्यांवर बसून आमचं भांडण झालं, हे लपवत नाही. एक म्हणाली, परत जाऊ. एक रडायला लागली. आम्ही म्हटलं, तिकिटं आम्ही काढली, पैसे आम्ही भरू. तेव्हा अक्का म्हणाल्या, "सहा हजार वाचले तेव्हा ते तुझ्या एकटीचे होते का? मग हे बेचाळीस तुझ्या एकटीचे कसे?"

गावाकडे फोन केला. अध्यक्षताईंनी रात्री साडेआठला सात-आठ जणींना घरी बोलावून घेतलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. ठराव झाला: पाच जणींच्या नावे 42,000 कर्ज, शेकडा एक व्याज, दहा हप्ते. बँक बंद, खात्याला दोन सह्या लागतात, म्हणून एकीच्या मुलानं स्वतःच्या खात्यातून मोबाईलवर पैसे पाठवले. बँक उघडल्यावर गटानं त्याला चेक दिला. खजिनदार ताईंनी तिथेच, विमानतळावर, वहीत सगळं लिहिलं आणि पाची जणींच्या सह्या घेतल्या.

दुसरी चूक त्याच रात्री झाली. झोपेत पिशवी कोणी उचलून नेईल, या भीतीनं अक्कांनी साखरेच्या गोळ्या पिशवीतून काढून भाकरीच्या खोक्यात ठेवल्या. सकाळी खोकी कंपनीच्या ताब्यात दिली, तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

काठमांडू चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. थंडीत सकाळी तिथे धुकं साचतं. आमचं विमान वर घिरट्या घालत राहिलं आणि शेवटी लखनौला नेलं. तिथे दोन तास विमानातच बसून होतो. खाली उतरू देत नव्हते. एकदाचे काठमांडूला उतरलो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. अक्का म्हणाल्या, "अजून पाव तास गेला!" तेवढंच हसलो.

पट्ट्यावर चार खोकी आली. पाचवं आलंच नाही, आणि गोळ्या त्यातच. बाहेर जाऊन कोणालातरी विचारू, असं मनात आलं. पण खजिनदार म्हणाल्या, दार ओलांडायचं नाही. सामान हरवल्याची नोंद आतच, कंपनीच्या खिडकीवर करायची. सामान देताना मिळालेली बारकोडाची चिठ्ठी बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली होती, ती दाखवली. अर्ज भरला, नोंदीचा क्रमांक घेतला, मुक्कामाचा पत्ता आणि फोन दिला. तो क्रमांक पुढे सगळीकडे कामाला आला.

गोळ्यांचं कसं केलं? अक्कांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो एकीच्या मोबाईलमध्ये होता. औषधाचं मूळ नाव त्यात होतं. ते दाखवल्यावर तिथल्या औषधाच्या दुकानात गोळ्या मिळाल्या. आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160, त्या हिशेबानं पैसे दिले आणि पावती जपून ठेवली. तो फोटो नसता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

खोकं तिसऱ्या दिवशी आलं. एक कोपरा फाटलेला, निम्म्या भाकरींचा चुरा. त्याचे फोटो काढले. चुरा चटणीत कालवून लोकांना चाखायला दिला. ज्यांनी चाखला त्यांनी चटणी घेतली. त्याच रात्री कंपनीला लेखी तक्रार पाठवली. दोनदा आठवण केली. दोन महिन्यांनी गोळ्यांचे सगळे पैसे आणि भाकरींचे थोडे पैसे आले.

लेखी तक्रारीची मुदत ध्यानात ठेवा. 1999 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात देशादेशांत एक करार झाला. 2009 पासून तो आपल्यालाही लागू आहे. परदेशी विमानप्रवासात सामान फुटलं तर ते मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा आलं तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. कोर्टात जायचं झालं तर 2 वर्षांच्या आत.

आता पशुपतिनाथाला निघालेल्या किंवा मुलाकडे आखातात जाणाऱ्या मैत्रिणींनो, एवढं लिहून घ्या. पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर काढा. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. नेपाळला आधार कार्ड चालत नाही, मतदान ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो. प्रवासाचा विमा घेताना चुकलेल्या विमानाची भरपाई त्यात आहे का, ते विचारा. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करा किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आणि काय सांगितलं, कोणी सांगितलं, किती वाजता, ते लगेच वहीत लिहा.

विमानतळावर आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. पण दर महिन्याच्या बैठकीत जे करतो ते येत होतं: एकत्र उठायचं, लिहून मागायचं, लिहून ठेवायचं, सह्या घ्यायच्या.

कर्जाचे सात हप्ते फिटले, तीन राहिलेत. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं आहे. तिकिटं पुन्हा आम्हीच काढणार, असं बैठकीत ठरलं. फक्त या वेळी पैसे भरण्याआधी ते तिकीट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे.