नित्याचे जगणे : विनोद, कुतूहल आणि दृष्टी



वसंत व्याख्यानमालेत बोलायचे म्हणजे अंगी मोठी विद्वत्ता लागते, असा माझा अनेक वर्षांचा समज होता. संयोजकांचे निमंत्रण मला आले, त्या दिवशी तो समज दूर झाला. विषय कळला तेव्हा आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "विनोदावर बोलायला दुसरे कोणी मिळाले नाही का?" सदतीस वर्षे जवळून पाहिलेल्या साक्षीदाराचे हे म्हणणे आहे, ते खोडून काढण्याचा मी प्रयत्न करणार नाही. उलट तेच माझ्या बोलण्याचे सूत्र समजा. ज्याला एखादी गोष्ट हवी तेव्हा साधली नाही, त्याला तिची किंमत इतरांपेक्षा थोडी अधिक कळते, या एकाच अधिकारावर मी येथे उभा आहे.

या व्यासपीठावरून आपण नेहमी मोठमोठे विषय ऐकतो. राष्ट्राचे अर्थकारण, इतिहासाचा अन्वयार्थ, जगाची शांतता. ते ऐकलेच पाहिजेत. पण व्याख्यान संपवून श्रोता घरी जातो तेव्हा त्याला पहिला प्रश्न पडतो तो नळाला पाणी आले होते की नाही, हा. आयुष्याचा फार थोडा भाग मोठ्या प्रश्नांत जातो. उरलेला सारा पाणी भरण्यात, एस. टी.ची वाट पाहण्यात, हरवलेला चष्मा शोधण्यात आणि तो कपाळावर सापडल्यावर कोणी पाहिले तर नाही ना, याची खात्री करण्यात जातो. हा एवढा मोठा भाग जर आपण नुसता कंटाळ्याने किंवा कुरकुरत घालवला, तर आयुष्यच तसे गेले म्हणायचे.

विनोद, कुतूहल आणि दृष्टी हे तीन निरनिराळे गुण आहेत असे आपण मानतो. विनोद नटाकडे असावा, कुतूहल शास्त्रज्ञाकडे आणि दृष्टी तत्त्वज्ञाकडे. मला मात्र ही एकाच क्रियेची तीन नावे वाटतात. ती क्रिया म्हणजे आपल्या बसल्या जागेवरून हातभर बाजूला सरकणे. बाजूला सरकून स्वतःकडे पाहिले की विनोद दिसतो. समोरच्या वस्तूकडे पाहिले की कुतूहल जागे होते. आणि आपण व ती वस्तू यांचे परस्परांशी प्रमाण काय, ते पाहिले की त्याला दृष्टी म्हणतात. अंतर फक्त हातभर. पण तेवढे सरकणे किती अवघड असते, ते मी शेवटी सांगणार आहे.

प्रथम विनोद. आज विनोदाचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. सकाळी उशाशी ठेवलेला मोबाईल उघडावा, तर रात्रीतून वीस-पंचवीस विनोद येऊन पडलेले असतात. त्यांतले निम्मे काल आलेले असतात आणि उरलेले आपणच परवा पाठवलेले असतात. परंतु विनोद ऐकणे निराळे आणि विनोदबुद्धी असणे निराळे. उसन्या विनोदात नेहमी दुसरा कोणी तरी फजीत होतो. खऱ्या विनोदबुद्धीची परीक्षा आपली स्वतःची फजिती झाली, की सुरू होते.

मराठीने हे फार लवकर ओळखले. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक, बडोद्याला प्राध्यापक. बुद्धाच्या उपदेशाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने आपल्याला दिला कोण, तर चिमणराव! आणि चिमणरावाची फजिती दुसरा कोणी सांगत नाही, चिमणराव स्वतःच सांगतो. अहंकार सोडण्याचे दोन मार्ग या गृहस्थांना ठाऊक असावेत. त्यांतला एक अभ्यासाने साधायचा आणि दुसरा हसून.

पण कल्पित पात्राची फजिती सोपी असते. खऱ्या आयुष्यात हे ज्यांनी केले, त्यांत मला लक्ष्मीबाई टिळकांचे नाव सर्वांआधी आठवते. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. शाळेचे शिक्षण असे जवळजवळ नाहीच. वडिलांच्या घरी सोवळ्याचा असा अतिरेक, की बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घ्यायचे. पती नारायण वामन टिळक थोर कवी, आणि तितकेच लहरी, तापट, हातातला पैसा देऊन मोकळे होणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीवर याहून मोठा आघात कोणता? काही वर्षांचा वियोग झाला. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आरंभी आपले सोवळे वेगळे सांभाळीत राहिल्या. आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

या हकीकतीवर एखाद्याने रडका ग्रंथ लिहिला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण लक्ष्मीबाई आपल्याला हसवतात, आणि ते दुःख झाकून नव्हे. दुःख तेथे पुरेपूर आहे. त्या पतीच्या तऱ्हेवाईकपणावर हसतात तशाच स्वतःच्या भाबडेपणावर हसतात. स्वतःचे सोवळे कसे गळत गेले, तेही लपवीत नाहीत. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. विनोदबुद्धी म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. ज्याच्यावर अन्याय होतो आहे किंवा ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही, त्याला "हसायला शिका" असा उपदेश करणे हा निर्दयपणा होईल. लक्ष्मीबाईंनी कोणाचा दोष झाकला नाही. दोष सांगताना स्वतःला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवले नाही, एवढेच. म्हणून ते पुस्तक आजही घराघरात वाचले जाते.

आता कुतूहल. एकदा माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, दूध तापवले की साय येते, मग पाणी तापवले की का येत नाही?" मी अनुभवी माणसाला शोभेल असे उत्तर दिले, "मोठा झालास की कळेल." मग माझ्या ध्यानात आले, की मी चौसष्ट वर्षांचा झालो आहे आणि मला अजून कळलेले नाही! पन्नास वर्षे रोज सकाळी साय पाहिली. ती चहात पडली म्हणून तक्रारही केली. पण ती येते कोठून, हे विचारले नाही. मग विचारपूस केली. दूध तापते तेव्हा पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जाते, दुधातली प्रथिने उष्णतेने एकमेकांना धरतात आणि स्निग्धांशाला सोबत घेऊन वर पडदा धरतात. पाण्याजवळ हे भांडवलच नाही, मग साय कशाची धरणार?

या निमित्ताने पृष्ठभागाविषयी थोडे वाचले आणि एका जर्मन बाईची हकीकत हाती लागली. तिचे नाव अॅग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२. तिला पदार्थविज्ञानाची अतोनात आवड. पण त्या काळी तिथल्या विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. आईवडील आजारी, त्यांची शुश्रूषा आणि घरकाम तिच्याकडे. ब्राउन्श्वाइग गावातल्या आपल्या घरात ती भांडी घाशीत असे. तुम्हीआम्ही खरकट्या पाण्यात बोट घालतो ते नाक मुरडून. हिने पाहिले, की साबण किंवा तेलाचा अंश पडला की पाण्याचा पृष्ठभाग निराळाच वागू लागतो. विशीच्या आसपास तिने पत्र्याचे एक लांबट उथळ पात्र घेतले, ते पाण्याने काठोकाठ भरले आणि त्यावर आडवी पत्र्याची पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पृष्ठभागाचे क्षेत्र कमी-जास्त होई. एक छोटी चकती पाण्याला टेकवून ती वर उचलायला किती जोर लागतो, हे ती तराजूने मोजत असे. घरातली कामे सांभाळून हे सुमारे दहा वर्षे चालले.

१८९१ साली तिने इंग्लंडचे विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. तेही अशाच विषयावर काम करीत होते. रॅले यांनी त्या पत्राचे भाषांतर 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले आणि ते त्याच वर्षी छापून आले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी याच तऱ्हेच्या साधनात सुधारणा करून पृष्ठभागाचे संशोधन केले आणि १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी पॉकेल्स बाईंना त्यांच्या गावच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.

या कथेतून "भांडी घासा, शास्त्रज्ञ व्हाल" असा बोध कृपा करून काढू नका. निदान येथे बसलेल्या पुरुषांनी तो घरी जाऊन सांगू नये. तिला विद्यापीठ नाकारले गेले, ही लाजिरवाणीच गोष्ट होती. पण ज्या पाण्याकडे पाहून दुसऱ्याला फक्त आपले नशीब दिसले असते, त्या पाण्याकडे तिने पाणी म्हणून पाहिले. कुतूहल म्हणतात ते याला. त्यात क्षणभर "मी" बाजूला होतो.

राहिली दृष्टी. हिच्यासाठी मला दूर जावे लागणार नाही. आमच्या घराच्या बोळापर्यंत गेले तरी पुरे. पौर्णिमेच्या रात्री हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. चंद्राचा व्यास सुमारे ३४७५ किलोमीटर; पण तो सबंध त्या अंगठ्यामागे झाकतो. अंगठा मोठा नसतो, जवळ असतो. आमच्या घरात हा अंगठा म्हणजे दीड हात रुंदीचा एक बोळ होता.

वडिलोपार्जित घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा दादाच्या भिंतीत आणि माझ्या भिंतीत हा बोळ राहिला. पावसाचे पाणी वाहून जावे आणि गल्लीतल्या मांजराने दुपारी निजावे, एवढाच त्याचा उपयोग. तो कोणाचा, यावर आम्ही दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षे कोर्टात भांडलो. तारखेला एकाच एस. टी.ने जायचो, तो पुढे बसे, मी मागे. सातव्या वर्षी जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर आले. त्यांच्याबरोबर यायचा शिपाई त्या दिवशी आला नाही. त्यांनी फितीचे एक टोक दादाच्या हाती दिले, दुसरे माझ्या हाती, आणि म्हणाले, "दोघांनीही ताणून धरा."

आम्ही धरली. मांजर मध्ये बसून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. दादा एकदम हसू लागला. म्हणाला, "नीट धर रे. पतंगाची फिरकी धरतानासुद्धा तू नेहमी सोडून द्यायचास."

सात वर्षांत तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. हसू मलाही आले होते, अगदी ओठांपर्यंत. पण मनात विचार आला, की हसलो तर आपली बाजू लंगडी पडेल. म्हणून मी गंभीरपणे म्हणालो, "साहेब, माप लिहून घ्या."

मघाशी म्हणालो ते हातभर अंतर हेच. दादा सरकला होता. मी सरकलो नाही. दोन वर्षांनी दादा वारला. त्यानंतर आणखी दोन वर्षांनी निकाल लागला, माझ्यासारखा लागला. मी रिवाजाप्रमाणे पेढे घेऊन घरी आलो, आणि पहिला पेढा कोणाच्या हातावर ठेवावा, ते मला कळेना. शेवटी पुडा घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला. म्हणाल्या, "भावजी, हे त्या दिवशी घरात येऊन जेवताना हसत होते. म्हणत होते, त्याला हसू आले होते, मी पाहिले." त्यापुढे मला तेथे बसवले नाही.

बोळ आता कायद्याने माझा आहे. त्यात पावसाचे पाणी वाहते आणि मांजर निजते. त्या वेळचे मांजर नाही. त्याच्या वंशातले कोणी असावे. दादाची नातवंडे आणि माझी नातवंडे त्यातून धावत या घरातून त्या घरात जातात. त्यांना कोणी अडवत नाही. जे अकरा वर्षांत कोर्टाला ठरवता आले नाही, ते त्यांनी एका सुटीत ठरवून टाकले.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. भांडू नका असे मी म्हणत नाही. काही भांडणे भांडावीच लागतात. पण भांडणाच्या ऐन मध्यात जर कधी ओठांपर्यंत हसू आले, तर ते गिळू नका. समोरच्याने ते पाहिलेले असते, आणि तो त्याची वाट पाहत असतो. आज येथून घरी गेल्यावर नळाला पाणी आले नसेल, दूध उतू गेले असेल, चष्मा हरवला असेल. अशा वेळी हातभर बाजूला सरकून एकदा पाहावे. साधले तर साधले. मला एकदा साधले नाही, म्हणून तुम्हाला सांगितले.