गेमच्या दुकानाची वही

एरवी या वेळेला मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, बँक जोडणी, गटाचं दप्तर यांवर बोलते. आजचा विषय वेगळा वाटेल, पण त्याचंही नातं दप्तराशीच आहे. मुलं फोनवर, कॉम्प्युटरवर गेम खेळतात. ते गेम देणारी दुकानं आपल्याबद्दल काय काय लिहून घेतात, ते आज बघू.

गेममुळे अभ्यास बुडतो, डोळ्यांना त्रास होतो, हे आपण घरोघरी बोलतो. माहितीचं काय होतं, हे मात्र कोणी बोलत नाही.

आधी दुकान समजून घेऊ. पूर्वी गेमची सीडी मिळायची. पैसे दिले, सीडी घरी आणली, व्यवहार संपला. आता फोनवर प्ले स्टोअर असतं. मोठ्या मुलांच्या लॅपटॉपवर स्टीम, एपिक गेम्स स्टोअर अशी सॉफ्टवेअर असतात. गेम त्यातूनच उतरवायचा आणि लॅपटॉपवर तर बहुतेक वेळा त्यातूनच उघडायचा. म्हणजे दुकान आपल्या घरात मुक्कामालाच आलं. खातं उघडताना ईमेल, जन्मतारीख घेतात. पैसे भरले की त्याचा तपशील जातो. कोणता गेम, किती तास, कोणाबरोबर, यंत्र कोणतं, हेही नोंदवलं जातं.

यातलं काही लागतंच. पैसे कोणी भरले हे दुकानाला कळायला हवं, गेम त्या यंत्रावर चालेल का हेही कळायला हवं. आपला प्रश्न पुढचा आहे. लागतं तेवढंच लिहितात का? आणि विचारून लिहितात का?

२०११ साली ईए या मोठ्या गेम कंपनीने ‘ओरिजिन’ नावाचं असं दुकान काढलं. त्याच्या करारात कॉम्प्युटरवरच्या इतर सॉफ्टवेअरची माहितीही गोळा करण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे घेतली होती. जर्मनीतल्या खेळणाऱ्यांनी तो करार वाचला आणि आवाज उठवला. आम्ही हेरगिरी करत नाही, असं कंपनीने सांगितलं. पण कराराची भाषा तिला बदलावी लागली.

दुसरी गोष्ट २०१९ ची. एपिकचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवरच्या स्टीमची एक फाइल परवानगीआधीच वाचून तिची प्रत करून ठेवतं, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं. मित्रांची यादी आणता यावी म्हणून ते केलं होतं, आणि खेळणाऱ्याने होकार दिल्याशिवाय काही बाहेर पाठवत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. तरी प्रमुखांनी चूक मान्य केली आणि सुधारण्याचं कबूल केलं. सोप्या भाषेत सांगायचं तर, एका दुकानदाराने आपल्या घरात येऊन दुसऱ्या दुकानाची उधारीची वही उघडून बघितली.

तिसरी गोष्ट आपण आयांनी लक्षात ठेवावी अशी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच एपिक कंपनीविरुद्धची कारवाई जाहीर केली. फोर्टनाइट हा तिचा गेम. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांना न विचारता गोळा केली, आणि अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलांसाठी आपोआप चालू ठेवली, असा आरोप होता. त्यापोटी कंपनीने २७ कोटी ५० लाख डॉलर दंड मान्य केला. तेव्हाच्या दराने हे दोन हजार कोटी रुपयांच्या वर जातात. चुकून बटण दाबलं गेलं तरी पैसे कापले जातील अशी मांडणी केल्याबद्दल ग्राहकांना परत द्यायचे २४ कोटी ५० लाख डॉलर वेगळेच.

काही जणी म्हणतात, “ताई, आपल्यासारख्यांची माहिती घेऊन कोणाला काय मिळणार?” मिळतं. मूल किती वेळ खेळतं, कुठे अडकतं, कुठे पैसे खर्च करायला तयार होतं, हे कळलं की जाहिरात आणि खरेदीचं बटण नेमकं तिथे ठेवता येतं. आणि साठवलेली माहिती चोरीलाही जाते. २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमधून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली. त्यात नावं, पत्ते, जन्मतारखा होत्या. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

आता आपल्या घरात या. बऱ्याच घरांत मुलाच्या हातातला फोन आईचाच असतो. त्याच फोनवर बँकेचे मेसेज येतात, ओटीपी येतो. पासबुकाचे, आधार कार्डाचे फोटो त्यातच असतात. एखादा गेम फोटोंची, माइकची, संपर्क यादीची परवानगी मागतो आणि मूल घाईघाईत ‘अलाव’ दाबतं. संपर्क यादीत तर गटातल्या दहा जणींचे नंबर असतात. त्या नंबरांवर हक्क त्या त्या बाईचा. त्यांना कोणी विचारलं?

आणखी एक बघा. गेम आईच्या ईमेलवर घेतला असेल तर दुकानाच्या वहीत खेळणारी व्यक्ती पस्तीस-चाळीस वर्षांची बाई आहे. मग लहान मुलांसाठी असलेलं संरक्षण त्या मुलाला लागू कसं होणार? मुलाने जन्मसाल खोटं टाकलं तरी तेच होतं.

आपल्या देशात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. मुलांवर पाळत ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. संमतीची सूचना मराठीतूनही वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. तोवर घरचा पहारा आपल्यालाच करायचा आहे.

तो कसा करायचा, हे सांगते. ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी वही घ्या.

पहिलं, फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात परवानग्या असं पान असतं. मुलाला शेजारी बसवून एकेक गेम उघडा. गोट्या जुळवायच्या गेमला संपर्क यादी कशाला हवी? बंद करा. गेम चालला नाही तर परत चालू करता येतं.

दुसरं, प्ले स्टोअरवर गेम घेण्याआधी ‘डेटा सेफ्टी’ हा भाग वाचा. कोणती माहिती घेतो आणि कोणाला देतो, हे गेम बनवणाऱ्याने तिथे लिहिलेलं असतं.

तिसरं, मुलाचं खातं मुलाच्या खऱ्या वयाने उघडा आणि पालक म्हणून आपलं खातं त्याला जोडा. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा, आणि तो पासवर्ड मुलाला सांगू नका.

चौथं, लॅपटॉपवाल्या मुलाला खात्याचं प्रायव्हसीचं पान दाखवायला सांगा. आपली गेमची यादी आणि मित्र कोणाला दिसतात, अनोळखी माणूस बोलू शकतो का, हे तिथे बदलता येतं.

पाचवं, बँकेच्या खात्यातून न सांगता पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. मुलाला मारत बसू नका. मार बसेल या भीतीने मुलं गप्प राहतात आणि तेवढ्यात वेळ निघून जातो.

आपल्या गटात सचिव ठराव लिहिते, तो सगळ्यांना वाचून दाखवते, आणि मगच सह्या-अंगठे होतात. न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नकोस, हे आपण नव्या सभासदाला पहिल्याच बैठकीत शिकवतो. फोनवरचं ‘आय ॲग्री’ हाही अंगठाच आहे. तेव्हा या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपला फोन उघडून परवानग्यांचं पान बघा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी वाचता येणारी बसू द्या. कुठे अडलं तर मी बैठकीला येतेच आहे, तेव्हा विचारा.