वस्ती बदलते, मतदान बदलते
(भरे, ता. मुळशी येथील भाषण)



भातशेतीचा तालुका ही मुळशीची जुनी ओळख. हिंजवडीचे आयटी पार्क आणि पिरंगुट परिसरातील कारखाने यांनी ती पालटली. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ७२ लाख होती. २०११ मध्ये ती ९४ लाखांवर गेली. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची मात्र घटली.

माणसांमागोमाग सत्ताही स्थलांतर करते. २००९ मध्ये नव्या मतदारसंघरचनेनुसार निवडणूक झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या, रत्नागिरीच्या ७ वरून ५ झाल्या. मुळशीचा स्वतंत्र मतदारसंघ जाऊन तालुका भोरला जोडला गेला.

त्या भोरने २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये काँग्रेसच्या संग्राम थोपटे यांना निवडले. २०२४ मध्ये मात्र अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे, मुळशीचे शंकर मांडेकर विजयी झाले. त्याच वर्षी बारामती लोकसभा सुप्रिया सुळे यांनी राखली. पण शहरी खडकवासल्यात आघाडी सुनेत्रा पवार यांची होती. एकाच मतदारसंघात गाव आणि शहर यांचे कौल असे वेगळे पडतात.

याचा अर्थ नवा रहिवासी कोणत्याही पक्षाची ठेव आहे, असा नव्हे. गावकरी भावकी आणि सहकारी सोसायटी यांचा विचार करतो. सदनिकाधारक पाणी, रस्ता, वाहतूककोंडी यांचा. अनेकांचे नाव अजून मूळ गावच्या यादीतच असते.

२०२७ ची जनगणना पुढील रचनेचा पाया ठरू शकते. तोवर या दोन वस्त्यांची परस्परांशी ओळख झाली नाही, तर मते मोजली जातील. समाज मात्र दुभंगलेलाच राहील.