रस्त्याला मुरूम, शेताला गाळ

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक तलाव जुने आहेत. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेली माती तळाशी साचत जाते आणि साठा घटतो. गाळ उपसायचा तर खर्च मोठा. तो कर्ज काढून करावा, तर बोजा पुन्हा जनतेवरच. यावर 'बुलढाणा पॅटर्न' नावाने ओळखला जाणारा तोडगा निघाला. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम लागतोच. तो टेकड्या फोडून आणण्याऐवजी तलाव आणि नाले खोल करून घ्यायचा, असे ठरले. खोदाई रस्त्याच्या कामातच झाली आणि पाणीसाठा जवळपास फुकटात वाढला. हिशेब साधा, सुचायला मात्र वेळ लागला.

रस्त्याखेरीज शेतासाठीही गाळ काढला गेला. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम् सुफलाम्' मोहिमेतून जिल्ह्यात गाळ उपसण्यासाठी यंत्रे पुरवली, तर वाहतूक शेतकऱ्यांनी स्वखर्चाने केली. हलक्या, मुरमाड रानात हा गाळ पसरला की जमीन ओल धरते. भारी काळ्या जमिनीला त्याची फारशी गरज नसते. म्हणून गाळ टाकण्याआधी माती तपासून घ्यावी.